शिराळकरांचा हिरवा नकाशा

डॉ. मनोहर शिराळकर गेले तेव्हा इंग्लंडातल्या आमच्या मराठी मंडळाच्या पत्रिकेत त्यांचा फोटो आला. खाली ओळ होती: 'वाळवंटात हिरवळ फुलवणारा मराठी माणूस'. फोटोत डॉक्टर सूट-टायमध्ये वाकून एका रोपट्याला झारीने पाणी घालत आहेत. ते रोपटं प्लास्टिकचं होतं. आमच्या मिल्टन कीन्सच्या ऑफिसात रिसेप्शनच्या टेबलाशेजारी ते उभं असायचं. फोटोग्राफर नोव्हेंबरात आला होता आणि बाहेर पाऊस पडत होता, म्हणून वाळवंट आतच करावं लागलं. नंतर आमच्या रिसेप्शनिस्ट मॉरीनने कार्पेट पुसलं. 'He's drowned it again,' एवढंच ती म्हणाली.

पत्रिकेच्या संपादकांचा मला फोन आला.

"ताई, तुम्ही इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काम केलंत. दोन पानं द्या ना. फक्त माणूस गेलेला आहे, तेव्हा जरा..."

"जरा काय?"

"जरा हृद्य."

हृद्य आठवणी माझ्याकडे नव्हत्या. मी नाही म्हटलं. इथे लिहिते आहे ते पत्रिकेसाठी नाही.

मी पुण्याहून भूगोलात एम.ए. करून, लग्न होऊन, नवऱ्याच्या हॉस्पिटलच्या नोकरीमागे इंग्लंडात आले. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मिल्टन कीन्समध्ये झाडं माणसांहून लहान होती आणि गोल चौक माणसांहून जास्त. त्यातल्याच एका चौकालगत काचेच्या दुमजली इमारतीत शिराळकरांची सल्लागार कंपनी होती. नकाशे काढणारं माणूस हवं होतं, ते काम मला मिळालं. कंपनी आखातातल्या सरकारांना अहवाल लिहून देत असे. तेल कधीतरी संपणार. त्यानंतर या देशांनी कशावर जगायचं आणि तोवर आपली जमीन, पाणी, हवा कशी राखायची, हा विषय. विषय खरोखर मोठा होता. त्यावर जीव ओतून काम करणारी माणसंही मी पाहिली. ती आमच्या कंपनीत टिकत नसत.

डॉक्टरांची पदवी मृदाशास्त्रातली होती. मंडळातले निम्मे पुरुष हॉस्पिटलांतले डॉक्टर, त्यामुळे त्यांची फार पंचाईत व्हायची. कुणी नुसतं 'शिराळकर' म्हटलं की ते त्याच्याकडे पाहतच नसत. माझा नवरा त्यांना 'वाळूचे डॉक्टर' म्हणायचा. पाठीमागे, अर्थात. समोर तोही 'डॉक्टरसाहेब' म्हणायचा, कारण माझी नोकरी.

त्यांची काम करण्याची एक पद्धत होती आणि तिचा त्यांना अभिमान होता. अहवालाचा सारांश ते आधी लिहीत. मोजणी व्हायच्या आधी, कुणी विमानात बसायच्याही आधी. फाउंटन पेनने, जाड क्रीम रंगाच्या कागदावर, अडीच पानं. मग ती पानं आम्हा सगळ्यांना वाटली जात आणि आम्ही त्यांच्याखाली आकडे भरायला लागत असू. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मी विचारलं, "डॉक्टर, मोजणीत काही वेगळं निघालं तर?"

"प्रश्न फार चांगला आहे," ते म्हणाले. "वाळवंटात आधी काय लागतं, बाई? छप्पर. भिंती मागाहून येतात."

'प्रश्न फार चांगला आहे' हे त्यांचं उत्तर होतं. त्यानंतर उत्तर येत नसे. एकदा लंडनला एजवेअरच्या शाळेच्या हॉलमध्ये मंडळाने त्यांचं व्याख्यान ठेवलं होतं, 'पर्यावरण आणि आपली संस्कृती'. तासभर स्लाइड्स. खजुरीच्या रांगा, कारंजी, विमानतळाबाहेरची हिरवळ, त्या हिरवळीवर डॉक्टर, दुसऱ्या हिरवळीवर डॉक्टर. शेवटी भिडे नावाचे दातांचे डॉक्टर उठले. मूळचे कोकणातले, त्यामुळे पाण्याबद्दल जात्याच संशयी.

"सगळं छान आहे हो. पण या झाडांना पाणी कुठून आणता?"

"प्रश्न फार चांगला आहे," शिराळकर म्हणाले, आणि वेदांतल्या भूमातेकडे वळले. तिथे ते पंधरा मिनिटं राहिले. परत आले तेव्हा बटाटेवडे आले होते.

"आला तुला जबाब?" बाहेर पडताना माझ्या नवऱ्याने भिडेंना विचारलं.

"अरे, कळ कुठल्या दातात आहे ते विचारलं, तर हा मला टूथपेस्टची जाहिरात ऐकवतो," भिडे म्हणाले.

स्वतःचं शरीर आता आखाती झालं आहे असं ते सांगत. त्यामुळे ऑफिसात एप्रिलपर्यंत रेडिएटर भरात आणि गुदमरायला होतं म्हणून खिडक्या उघड्या. एका उन्हाळ्यात पाणी फार कमी पडलं आणि बागेला पाइपने पाणी घालायला बंदी आली. सगळ्यांचे लॉन तपकिरी झाले, शिराळकरांचा सोडून. शेजारणीने तक्रार केली. चौकशीला माणूस आला, तेव्हा नेमकी मी नकाशांवर सही घ्यायला त्यांच्या घरी गेले होते. डॉक्टरांनी त्याला आत बसवला, आखातातल्या मंत्र्यांबरोबरचे फोटो दाखवले, आणि हा लॉन नसून कोरड्या प्रदेशांसाठी चाललेला गवताचा प्रयोग आहे असं शांतपणे सांगितलं. तो बिचारा टोपी हातात धरून गेला. जाताना पावलं गवतावर पडू नयेत म्हणून कडेकडेने गेला. नलिनीवहिनी, त्यांच्या पत्नी, चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्या मला हळूच म्हणाल्या, "प्रयोग गेली अकरा वर्षं चालू आहे हो."

इथवर माणूस हसण्यासारखा आहे. असे पुष्कळ असतात. शिराळकरांना मी हसून सोडून का देत नाही, त्याचं कारण सलीम.

सलीम हा आखातातल्या एका लहानशा अमिरातीच्या पाणी खात्यातला तरुण भूजलतज्ज्ञ. खात्याने त्याला सहा महिन्यांसाठी आमच्याकडे पाठवला होता, कारण त्यांच्या देशाचा मोठा अहवाल आम्ही करत होतो. अरबांची जी कल्पना आमच्या मॉरीनने सिनेमावरून करून घेतली होती, तिला त्याने पार निराश केलं. बारीक, बुटका, तपकिरी अनोरॅक घालून रेडवेने, म्हणजे सायकलींच्या वेगळ्या वाटेने, सायकलीवरून ऑफिसला येणारा. त्यांच्या बाजारातले दुकानदार गुजराती आणि सिंधी, त्यामुळे त्याला बाजारापुरतं हिंदी येई. मला तो 'आपा' म्हणायचा.

त्याचं गाव ऐन रुमान. किनाऱ्यापासून थोडं आत, खजुरीच्या बागांचं. येताना त्याने सात जाड वह्या आणल्या होत्या. दोन वर्षं तो किनारपट्टीतल्या एकेका विहिरीवर गेला होता, पाण्याची पातळी आणि खारटपणा मोजत. त्या वह्यांतून एकच गोष्ट निघत होती. जमिनीखाली गोड्या पाण्याचा पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगतो आहे. वरून उपसा वाढवला की समुद्र खालून आत सरकतो, आणि एकदा सरकला की आपल्या हयातीत मागे जात नाही. यात नवीन काही नव्हतं. वेंगुर्ल्याला माझ्या मावशीच्या शेजाऱ्याने किनाऱ्यावरच्या विहिरीला मोटर लावली आणि दोन वर्षांत त्याचे माड करपले. तिथली कुठलीही म्हातारी हे शास्त्र समजावून सांगेल.

पण मंत्र्यांना हवा होता हरितपट्टा. विमानतळापासून राजवाड्यापर्यंत, समुद्राच्या कडेने जाणाऱ्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी झाडं. सलीमचं म्हणणं होतं, झाडं लावा, पण आतल्या बाजूला, थोडी, आणि शहराचं सांडपाणी शुद्ध करून त्यावर. किनाऱ्याला नव्या विहिरी नकोत.

"वहाँ बोर मारा, तो हमारा गाँव खतम," तो मला म्हणाला. त्याच्या बोलण्यात कसलाही आवेश नव्हता. बस चुकली तर उशीर होईल, हे सांगावं तसं.

त्याच्या वह्यांवरून मी नकाशा काढला. तेव्हा आमचं काम हाताचं असे. पारदर्शक फिल्मवर शाईने रेषा, आणि रंगासाठी चिकट रंगीत फिल्म नेमक्या आकारात पात्याने कापून वर बसवायची. गोडं पाणी निळं, मचूळ पिवळं, खारं लाल. पूर्ण झाला तेव्हा किनाऱ्याने एक लांबच लांब लाल जीभ दिसत होती, आणि तिचं टोक ऐन रुमानच्या दिशेला होतं. सलीमने त्या टोकावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "बस. अब कुछ बोलना नहीं पड़ेगा."

शिराळकरांनी नकाशा पाहिला आणि हात झटकले.

"अहो बाई, हा नकाशा आहे की गोवर आलेलं पोर?"

"खारं पाणी आहे तिथे लाल आहे, डॉक्टर."

"ते मला दिसतंय. लाल म्हणजे धोका. मंत्र्याला धोका दाखवायचा नसतो हो, त्याला झोप लागत नाही मग. मऊ रंग घ्या काहीतरी."

"कुठला?"

"आपला विषय काय? पर्यावरण. मग? हिरवा घ्या."

मला वाटलं ते थट्टा करताहेत. "खारं पाणी हिरवं दाखवू?"

"छान पोपटी. आणि कोपऱ्यात रंगसूची द्या की, हिरवं म्हणजे खारं. स्पष्ट लिहा. शास्त्रीय प्रामाणिकपणा मी कधी सोडलेला नाही."

मी तो केला. तोच नकाशा दुसऱ्या फिल्मवर पुन्हा काढला, दुपारभर बसून पोपटी फिल्म कापली आणि लाल होतं तिथे बसवली, सर्वांत खारं तिथे दोन थर. रंगसूची कोपऱ्यात दिली, स्पष्ट, मुंगीएवढ्या अक्षरांत. नोकरी होती, मुलीची शाळा होती, आणि रंगसूची तर दिलेलीच होती ना, असं मी स्वतःला सांगितलं. सलीमने पाहिलं आणि विचारलं, "आपा, हरा क्यों?" मी म्हटलं, "डॉक्टर को पूछो." त्याने विचारलं. प्रश्न फार चांगला निघाला. मग त्याने चार पानी आक्षेप लिहून दिला. शिराळकरांनी त्याचे आभार मानले आणि तो शेवटच्या परिशिष्टात, विहिरींच्या यादीमागे घातला. अहवालाचं आवरण पोपटीच झालं. नकाशाशी जुळत होतं.

तिकडे काय झालं ते मला पुढे तुकड्यातुकड्यांनी कळलं. इतका जाड अहवाल कोण वाचतो? मंत्र्यांच्या कचेरीत तो उघडला गेला तो थेट नकाशाच्या पानावर. किनाऱ्याने, अगदी हव्या त्या रस्त्याच्या बाजूने, भरघोस हिरवा पट्टा होता. युरोपातल्या तज्ज्ञांनी जागा दाखवून दिली होती. हिरव्यातही जिथे हिरवा सर्वांत गडद होता, तिथे त्यांनी विहिरी पाडल्या.

म्हणजे बरोबर सर्वांत खाऱ्या जागी. पाणी खारट लागलं तेव्हा थोडं आत सरकून पाडल्या, मग आणखी आत. झाडांच्या उद्‌घाटनाला शिराळकर जातीने हजर होते. दोन वर्षांनी झाडं वाळू लागली. मेलेली उपटून नवी लावली आणि पंप तसेच चालू राहिले, कारण ते बंद करायचे तर आधी कुणीतरी चूक कबूल करायला हवी होती.

मधे काही वर्षं गेली. नव्वदचं दशक आलं आणि त्याच्याबरोबर 'शाश्वत' हा शब्द आला. शिराळकरांनी तो असा उचलला, जणू तो त्यांच्याच घरातून चोरीला गेला होता. शाश्वत शेती, शाश्वत अर्थव्यवस्था, एकदा मंडळाच्या सभेत शाश्वत लाडू. आणि त्याच अमिरातीने किनाऱ्याचं पाणी का खराब झालं आणि पुढे काय करावं, याचा अहवाल कुणाला सांगावा? ज्यांना तो भाग सर्वांत चांगला माहीत होता त्यांना.

सारांश अर्थातच आधी आला. अडीच पानं. माझ्या टेबलावर ती पडली तेव्हा मी दोनदा वाचली. गावातल्या पारंपरिक बागा पाण्याचा बेसुमार वापर करतात, असं त्यात होतं. शाश्वत अर्थव्यवस्थेकडे जायचं तर ऐन रुमानच्या विहिरी बंद कराव्यात, बागायतदारांना शहरात हलवावं. हरितपट्टा मात्र राष्ट्राचं भूषण म्हणून राखावा.

"डॉक्टर, हे उलटं आहे," मी म्हटलं.

"काय उलटं?"

"पाणी पंपांनी खाल्लं. गाव तर शेकडो वर्षं तेवढ्याच पाण्यावर जगतंय."

"भावनेच्या भरात नकाशे काढू नयेत, बाई," ते प्रेमळपणे म्हणाले. "मंत्र्यांचा पट्टा मी चूक कसा म्हणू? गाव काय, कुठेही वसतं."

त्या आठवड्यात सलीमचा फोन आला. तो आता खात्याचा उपसंचालक झाला होता. मसुद्यावर चर्चेला तो आणि त्याच्या वरचे एक वृद्ध अधिकारी येणार होते. चर्चेनंतर सही झाली की गावच्या विहिरींना कुलूप. त्याने सारांश वाचला होता. त्याने एवढंच विचारलं, "आपा, वो लाल वाला है?"

होता. मी काढलेला नकाशा फेकत नाही. चपट्या खणात, सगळ्यांत खाली, टिश्यू पेपरात गुंडाळून.

बैठक सकाळी होती. शिराळकरांनी सारांश वाचून दाखवला. आवाज उत्तम, मधे योग्य जागी थांबणं, एका जागी तर डोळे किंचित पाणावले. वृद्ध अधिकारी डोळे मिटून ऐकत होते. वाचन संपल्यावर सलीम उठला. नव्या विहिरींचा नकाशा टेबलावर पसरलेला होता, त्यावर त्याने मी सकाळीच त्याच्या हाती दिलेली माझी जुनी पारदर्शक फिल्म ठेवली आणि कडा जुळवल्या. पंपांच्या सगळ्या खुणा लाल जिभेच्या आत पडल्या. एकही बाहेर नव्हती.

अधिकाऱ्यांनी चष्मा लावला. फिल्मच्या कोपऱ्यातली तारीख वाचली. "हा कुणी केला?"

मला वाटलं, आता सलीम सगळं सांगेल, शिराळकर उघडे पडतील, कंपनी बुडेल, माझी नोकरी जाईल. आणि खरं सांगते, मला ते सगळं चालणार होतं.

"डॉक्टर शिराळकरांच्या ऑफिसने," सलीम अदबीने म्हणाला. "पहिल्या अहवालाच्या वेळी. आपलं मत डॉक्टर स्वतःच सांगतील."

शिराळकरांना किती वेळ लागला म्हणता? चष्मा काढून पुसण्याइतका.

"एक्झॅक्टली," ते म्हणाले. "हा नकाशा कुणीतरी मागावा याची मी इतकी वर्षं वाट बघत होतो."

"म्हणजे किनाऱ्याचे पंप बंद करायला हवेत?"

"ताबडतोब."

"आणि गावच्या विहिरी?"

"गावच्या विहिरी?" डॉक्टरांनी छातीवर हात ठेवला. "तो तुमचा वारसा आहे. त्यांना कुणी हात लावण्याची भाषा करत असेल तर मी त्याला विरोध करीन."

पाच मिनिटांपूर्वी वाचलेली अडीच पानं त्यांनी आवाज न करता फोल्डरमध्ये सरकवली. अधिकाऱ्यांनी टिपून घेतलं आणि दोन महिन्यांत पंप खरोखर बंद झाले. इंग्लंडातल्या तज्ज्ञाने सांगितलं होतं, त्यामुळे चूक कुणालाच कबूल करावी लागली नाही.

कॉफीच्या वेळी मी सलीमला बाजूला गाठलं. "त्याला का सोडलंस? सगळं तुझ्या हातात होतं."

"आपा, ऊँट को गाली देने से क्या होगा? पानी दिखाओ, उधर चलेगा," तो म्हणाला. "मेरे को पंप बंद मँगता था."

निघताना आम्ही सगळे दाराशी उभे होतो. शिराळकरांनी सलीमला स्वतःच्या हाताने कोट चढवला आणि अगदी आपुलकीने विचारलं, "तुझ्या वडिलांची बाग कशी आहे?"

"अर्धी गेली, डॉक्टर. समुद्राकडची सगळी."

शिराळकरांनी मान हलवली. चेहऱ्यावर खरं दुःख होतं; मी नीट पाहिलं, खरंच होतं. त्याच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "आम्ही मंत्र्यांना सांगितलं होतं."

सलीमने कोटाची बटणं लावली. मी माझ्या बुटांकडे पाहिलं.

दहा मिनिटं आधी मॉरीनला पाठवून शिराळकरांनी आपली मोटार सुरू करून ठेवली होती, बसताना सीट गार लागू नये म्हणून. धुराच्या ढगात ती कार पार्कमध्ये घुरघुरत उभी होती. डॉक्टर बसले, पट्टा लावला, आणि मग काच खाली करून त्यांनी मला बोलावलं.

"बाई, त्या लाल नकाशाची एक चांगली कॉपी काढा माझ्यासाठी. मोठी. स्टडीत फ्रेम करून लावीन म्हणतो."

पुढच्या महिन्यात त्यांनी दोनदा आठवण केली. तिसऱ्यांदा नलिनीवहिनींकरवी निरोप आला, भिंतीवर खिळा मारून ठेवला आहे म्हणून. मी ती कॉपी काढली नाही.